पेटीतला कागद आणि पांदण



हरभरा घाट्यात आहे. मधे चार दिवस ढगाळ होतं तेव्हा घाटेअळी दिसली, एक फवारणी घेतली, आता बरं आहे. तूर निघाली. पिकाचं एवढंच, कारण आजची नोंद पिकाची नाही. खरिपापासून बरेच जण विचारून राहिले की पांदणीचं काय झालं, आणि तो मोडी कागद घेऊन पुण्याला गेला होता त्याचं काय झालं. दोन्हीचं एकदाच लिहितो. लांबेल. धुऱ्यावर बसून निवांत वाचा.

नवीन जोडलेल्यांसाठी थोडं मागचं. किन्हीराजाच्या शिवारात गावातून निघालेली आमची पांदण नाला ओलांडते आणि पुढे चौदा घरांच्या वावरांकडे जाते. नाला ओलांडला की डाव्या हाताला एक वावर आणि उजव्या हाताला आमचं. पांदण दोघांच्या मधून. डाव्या हाताचं वावर उन्हाळ्यात विकलं गेलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या मालकाने सिमेंटचे पोल रोवले आणि तार थेट आमच्या धुऱ्याला लावून ओढली. पांदण तारेच्या आत.

आम्ही पाच-सहा जण विचारायला गेलो. माणूस भांडला नाही. चहा दिला आणि म्हणाला, "माझ्या सातबाऱ्यावर रस्ता नाही. तुमच्याजवळ कागद असेल तर दाखवा, उद्या तार काढतो." भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणाला आम्ही तयार होतो. कागदाला कोणीच तयार नव्हतं. सगळेच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत परत आलो.

पेरणी कशीबशी झाली. लांबून, दुसऱ्याच्या वावरातून, हातापाया पडून ट्रॅक्टर नेला. खरं कळलं ते सोयाबीन काढताना. सोंगून सुड्या घातल्या, पाऊस डोक्यावर, आणि थ्रेशर काही वावरापर्यंत येईना, कारण ज्यांच्या वावरातून जूनमध्ये गेलो त्यांचंही पीक आता उभं होतं. मजुरांनी डोक्यावर भारे वाहून नाल्याअलीकडे आणले. अर्ध्या सुड्या तिथेच भिजल्या. शेंगेतच दाणा उगवला. व्यापाऱ्याने हातात दाणे घेतले, बोटाने चोळले आणि न बोलता पोत्यात परत टाकले. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

त्यानंतर आली दिवाळी. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला एक जुना कागद पूजेत ठेवतात. टिनाच्या पेटीत, लाल फडक्यात गुंडाळलेला. लहानपणापासून ऐकत आलो की हा 'पांदणीचा कागद', पणज्याच्या बापाने सरकारातून आणलेला. अक्षर मोडी, घरात कोणालाच वाचता येत नाही. दरवर्षी हळदीकुंकू वाहायचं, परत पेटीत ठेवायचं. त्या दिवशी आईच म्हणाली, "अरे बावा, कागद कागद करून राह्यले तुमी, अन् हा काय हाय मंग?"

खरं सांगतो, अंगावर काटा आला. त्या रात्री झोप नाही. वाटलं, झालं, काम फत्ते.

इथेच माझी पहिली चूक झाली, आणि पुढच्या सगळ्या चुका त्याच चुकीच्या पोटातून निघाल्या. मी ठरवून टाकलं की कागद वाचून झाल्याशिवाय कोणाकडे अर्ज करायचा नाही. कागद हातात घेऊन ताठ मानेने जायचं. शेजारच्या वहिनींनी मात्र सोयाबीन भिजल्याच्या तिसऱ्या दिवशी तहसीलला अर्ज टाकला होता. साधा अर्ज, सोबत तारेचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि बाकी कागद काहीच नाही. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी पण सही करा." मी म्हटलं, थांबा, माझ्याजवळ पक्का पुरावा आहे, तो येऊ द्या.

पुरावा वाचणार कोण? तालुक्याला विचारलं, जिल्ह्याला विचारलं. मोडी वाचणारा एक म्हातारा माणूस होता, तो वारला होता. एका झेरॉक्सवाल्याने सल्ला दिला की कागद चिरतोय, लॅमिनेशन करून घ्या. त्या पेटीत दोन कागद होते. दुसरा छोटा होता, तो मी दिला करायला. मशीनमधून निघाला तेव्हा शाई फिकी झाली होती आणि घडीवरचा तुकडा आत सरकून वाकडा चिकटला होता. तो आता कायमचा तसाच. मोठा कागद वाचला तो केवळ त्याच्या आकाराचं प्लास्टिक दुकानात नव्हतं म्हणून. जुन्या कागदाला लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, डिंक नाही, पिना नाहीत. स्वच्छ सुती फडक्यात सैल गुंडाळायचा आणि उंदीर, वाळवी, ओल यांपासून दूर ठेवायचा. दप्तरखान्यात कागदांच्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात ते उगीच नाही, कापडातच बांधत आले आहेत. आमच्या आजीचं लाल फडकं माझ्यापेक्षा शहाणं होतं.

डिसेंबरात मोशीला किसानचं प्रदर्शन असतं. मुलगा चाकणला कंपनीत आहे. म्हटलं, एका तिकिटात दोन कामं. कागद वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला, वरून फडकं, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. प्रदर्शनात कोणतं यंत्र पाहिलं ते विचारू नका, लक्ष नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथं मोडीचे लाखो कागद आहेत. तिथं विचारू."

मंडळाचं नाव मी शाळेत ऐकलं होतं, ते एवढंच की राजवाड्यांनी काढलं. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० ला ते स्थापन केलं. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे, पेट्यांतले, सडायला लागलेले कागद जमा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून त्यांचे बावीस खंड निघाले. पायरी चढताना मनात आलं, त्यांच्या काळात आपल्या गावात असा माणूस आला असता तर आमची पेटीही त्याने उघडली असती.

माझ्या डोक्यात चित्र असं होतं: काउंटरवर जायचं, 'किन्हीराजा' सांगायचं, पलीकडचा माणूस कपाटातून किन्हीराजाची फाइल काढणार, आपण झेरॉक्स मारून घ्यायची. तुम्ही हसाल. पण तुमच्यापैकी दहातले नऊ जण हेच चित्र घेऊन जातील, म्हणून लिहितो.

तिथे भेटलेल्या जाणकारांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं, आणि कागद न पाहताच चार प्रश्न विचारले. गाव कोणत्या परगण्यात होतं? राज्य तेव्हा कोणाचं होतं? तुम्हाला कोणत्या सालाचं हवंय? आणि नेमकं काय सिद्ध करायचंय? चारपैकी फक्त शेवटच्याचं उत्तर माझ्याजवळ होतं.

मग त्यांनी समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगतो. जुना कागद गावाच्या नावाने ठेवलेला नसतो, तो ज्या कचेरीत किंवा ज्या घराण्यात तयार झाला त्याच्या नावाने ठेवलेला असतो. मंडळातले कागद म्हणजे मुख्यतः घराण्यांकडून, मठांकडून, लोकांकडून आलेले. पेशव्यांच्या सरकारचे कागद हवे असतील तर ते पुण्यातच सरकारी पुराभिलेखागारात, ज्याला लोक पेशवे दफ्तर म्हणतात. तिथे कोट्यवधी कागद आहेत. पण वऱ्हाड पेशव्यांच्या सरळ अमलात नव्हतं. आपल्याकडे निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघांचा अंमल, वसुलाची वाटणी. १८५३ ला निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. म्हणजे भोसल्यांचं काही असेल तर नागपूरकडे, निजामाचं असेल तर हैदराबादकडे, आणि इंग्रज आल्यानंतरचं महसुलाचं असेल तर आपल्या आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत. पुण्यात शोधत बसून उपयोग नाही.

आता 'आपला जिल्हा' म्हणजे कोणता, हीसुद्धा गंमत आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आपण अकोल्यात. एवढं सगळ्यांना माहीत. पण त्याच्याही आधी बासीम नावाचा वेगळा जिल्हा होता, त्यात बासीम, मंगरूळ आणि पुसद असे तीन तालुके होते. तो १९०५ ला मोडला आणि अकोल्याला बासीम मिळालं, पुसद यवतमाळकडे गेलं. म्हणजे एकाच गावाचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असू शकतात आणि मालेगाव तालुका म्हणून शोधाल तर जुन्या यादीत नावच सापडणार नाही. मी आधी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, दुसरीतून तिसरीत फिरलो होतो आणि सगळ्यांवर चिडलो होतो. चूक निम्मी माझी होती. मी आजच्या पत्त्यावर दीडशे वर्षांपूर्वीचं गाव शोधत होतो.

सनाचंही तसंच. जुन्या कागदावर इसवी सन असेलच असं नाही. शके असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर आपल्या दक्षिणेकडच्या फसलीत साधारण ५९० मिळवा. वर्ष मधेच बदलतं म्हणून एखादं वर्ष मागेपुढे होतं. हे गणित मोबाइलमध्ये लिहून ठेवा, अर्जात साल चुकलं तर माणूस दुसराच रुमाल काढून देतो आणि दिवस जातो.

मग त्यांनी कागद पाहिला. फडकं सोडलं, टेबलावर पसरला, हात न लावता वाकून पाहिला. मी श्वास रोखून. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "हा पांदणीचा कागद नाही. हे गहाणखत दिसतंय."

काय वाटलं ते लिहीत नाही.

पूर्ण वाचन तिथल्या तिथे होत नसतं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आधी लांब रेघ ओढायची आणि खाली अक्षरं एकमेकांना जोडत जायची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि प्रत्येक लेखकाचं वळण निराळं. त्यात वर आमचं शंभर वर्षांचं हळदीकुंकू. त्यांनी एका मोडी वाचकांचा पत्ता दिला. त्यांनी फोटो काढून घेतले, तेही फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात, बाजूला पट्टी ठेवून, पुढची-मागची दोन्ही बाजू. मला तर मागच्या बाजूचा फोटो काढायचा असतो हेच माहीत नव्हतं. मूळ कागद मी परत आणला. "मूळ कोणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा," असं तेच म्हणाले. त्यामागचं कारण नंतर वकिलाने सांगितलं. साक्षीपुराव्याच्या कायद्यात तीस वर्षांहून जुन्या कागदाला वेगळं वजन आहे, पण तो जिथे असायला हवा त्याच ताब्यातून आलेला असावा लागतो. घरचा कागद घरच्या पेटीतून निघाला, ही त्याची अर्धी साक्ष.

नकला घेताना मी जो घोळ घातला तो तुम्ही घालू नका म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. आपण सगळ्याला 'झेरॉक्स' म्हणतो. पण फोटो वेगळा, लिप्यंतर वेगळं, अर्थ वेगळा आणि प्रमाणित नक्कल वेगळी. फोटो म्हणजे कागद जसा आहे तसा. लिप्यंतर म्हणजे मोडीतलं अक्षर न् अक्षर बाळबोधीत उतरवलेलं, जिथे लागत नाही तिथे टिंबं, पदरचं काही नाही. अर्थ म्हणजे आजच्या मराठीत समजावलेलं. अभ्यासाला तिन्ही चालतात. पण तहसीलदारासमोर सरकारी कागदाची नक्कल लागते ती त्या कचेरीच्या सही-शिक्क्याची. ती फक्त मूळ कागद ज्याच्या ताब्यात आहे तोच देऊ शकतो. इतिहास मंडळाकडून मिळालेली प्रत तुम्हाला रस्ता दाखवते, तारेपलीकडचा नाही, कुठे शोधायचं त्याचा. मागणी अर्जातच लिहा की काय हवंय, किती पानं, पुढची-मागची बाजू, कशासाठी. आणि एखाद्या संस्थेच्या संग्रहातला कागद छापणार किंवा फेसबुकवर टाकणार असाल तर त्याची परवानगी वेगळी मागावी लागते. वाचायला दिला म्हणजे छापायला दिला असं नसतं.

पुण्यातून परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून दुपार हातात होती. ती मी वाचनात घालवली. या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' चाळला. १९२४ चं पुस्तक. लायलसाहेबाचं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटिअर मुलाने मोबाइलवरच उघडून दिलं. १९१० चं अकोला जिल्ह्याचं गॅझेटिअरही तसंच मिळतं, फुकट, फक्त इंग्रजी आहे. इंग्रजांनी १८६० नंतर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी केली, सर्व्हे नंबर पाडले, हद्दीचे दगड रोवले. आपण आजही धुऱ्याच्या भांडणात जो दगड शोधतो तो तेव्हाचा. म्हणजे आमच्या पांदणीचं उत्तर असेल तर त्या मोजणीच्या नकाशात असणार, हे मला पुण्यात बसून कळलं. नकाशा घरापासून तासाभराच्या अंतरावर होता.

(कृषी विद्यापीठातल्या पोरांसाठी एक: जुन्या महसुली कागदांत कोणत्या साली कोणत्या नंबरात काय पेरलं याच्या नोंदी आहेत. ज्वारी, जवस, करडई, देशी कपाशी. अकोल्याला बसून एखाद्याने पाच गावांचा जरी माग काढला तरी शोधनिबंधापेक्षा आमच्या जास्त कामाचा होईल.)

दुसरी एक गोष्ट वाचली ती मनातून जात नाही. १९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडले, वाकाटकांच्या विंध्यशक्ती दुसऱ्याचे. वाशीम म्हणजे त्या वेळचं वत्सगुल्म. त्या राजाने आपल्या सदतिसाव्या वर्षी एक गाव दान दिलं आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून दिलं, वंशावळ संस्कृतात, बाकीचा मजकूर प्राकृतात. दीड हजार वर्षांहून जास्त झाली, अजून वाचता येतं. आणि आमची बैलगाडीची वाट, जी पाच पिढ्या रोज वापरली, ती सातबाऱ्यावर एका ओळीतसुद्धा नाही.

घरी आलो त्या दिवशी निवृत्त तलाठीकाका भेटले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तार कधी ओढली?" म्हटलं जून, दुसरा आठवडा. त्यांनी बोटं मोजली. "मंग गेलं ना तुमचं. मामलेदार कोर्टाच्या कायद्यात अडथळा काढायचा अर्ज सहा महिन्यांच्या आत लागते."

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा, कलम ५. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे सरळ जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. मी 'पक्का पुरावा' शोधत बसलो आणि माझे सहा महिने चार दिवसांपूर्वी संपले होते. महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, धुऱ्यावरून वाट मागण्याचं, पण ती वेगळी गोष्ट, त्यात आपली जुनी वाट मोकळी होत नाही, नवी मिळाली तर मिळते. रात्री जेवण गेलं नाही. मग वहिनी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, माझा अर्ज हाय ना ऑक्टोबरातला. त्याच्यात जोडा तुमचा कागद." मी ज्या अर्जावर सही केली नव्हती, त्या अर्जामुळे आज आम्ही उभे आहोत. हे इथे सगळ्यांसमोर लिहायचं कबूल केलं होतं, लिहिलं.

जानेवारीत मोडी वाचकांकडून लिप्यंतर आलं. दोन पानं. कागद शके १८०१ चा, म्हणजे १८७९-८० चा. पणज्याच्या बापाने बैलजोडीसाठी सावकाराकडून रुपये काढले होते आणि वावर नजरगहाण दिलं होतं. म्हणजे ताबा आपल्याकडेच, पण फेडलं नाही तर वावर त्याचं. पांदण आणली, सरकारातून आणली, काही नाही. बैलासाठी कर्ज.

आईला कसं सांगायचं हा प्रश्न पडला. साठ दिवाळ्या तिने त्या कागदाला हात जोडले होते. सांगितलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे आमी सावकाराच्या कागदाले कुकू लावत होतो."

पण लिप्यंतराच्या शेवटी, मागच्या बाजूचं म्हणून वेगळं लिहिलेलं होतं. दोन ओळी, कुंकवाच्या डागाखाली, अर्ध्या टिंबांनी भरलेल्या. रक्कम भरून पावल्याची नोंद. वाचकांनी फोनवर समजावलं की कर्ज फिटलं की सावकार गहाणखत परत देतो. फिटलं नसतं तर हा कागद सावकाराच्या घरी राहिला असता, तुमच्या पेटीत नाही. मी ते आईला सांगितलं. ती उठली, पेटी उघडली, कागद बाहेर काढून मांडीवर घेऊन बसली. "फेडलं मंग त्यानं," एवढंच म्हणाली. वऱ्हाडात किती वावरं त्या काळात अशा कागदांवर गेली हे ज्यांच्या घरात गेली त्यांना माहीत. आमच्या घरातलं गेलं नाही, आणि ते ज्या कागदावरून कळतं तो आम्ही भलत्याच नावाने जपला.

आता पांदण. गहाण दिलेल्या वावराची ओळख पटावी म्हणून गहाणखतात चतुःसीमा लिहितात. आमच्या कागदात दक्षिणेस नाला, पूर्वेस सरकारी पडीत, उत्तरेस एकाचं शेत, आणि पश्चिमेस 'गाडवाट, तिचेपलीकडे' म्हणून त्या माणसाचं नाव, ज्याच्या वंशजांनी गेल्या उन्हाळ्यात ते वावर विकलं. मी ती ओळ किती वेळा वाचली त्याची मोजदाद नाही. कर्ज काढणाऱ्याला रस्त्याचं काही पडलेलं नव्हतं. सावकाराला तर त्याहून नव्हतं. दोघांनी सहज लिहून ठेवलं, जसं आहे तसं. तलाठीकाका म्हणाले तेच याचं वजन आहे, रस्त्यासाठी भांडणाऱ्याने लिहिलेला हा कागद नाही.

नुसत्या त्याने भागणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित नक्कल काढली. गाव नकाशावर गाडवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेघेने. आमच्या नकाशावर दोन तुटक रेघा गावातून निघतात, नाल्यापर्यंत स्वच्छ दिसतात, आणि नाल्यापलीकडे नेमकी कागदाची घडी आहे. घडीवर कागद झिजलेला. पलीकडे, आमच्या वरच्या धुऱ्यापाशी रेघा पुन्हा सुरू होतात. मधला तुकडा, तेवढाच, जेवढा तारेत आहे, नकाशावर दिसत नाही. आता नाल्यापर्यंत नकाशा बोलतो, वरून पुढे नकाशा बोलतो, आणि मधल्या तुकड्याचं गहाणखत बोलतं. समोरच्यांच्या वकिलाने अर्थातच विचारलंय की खाजगी कागदावर विश्वास का ठेवायचा. विचारणारच. वाजिब-उल-अर्जाचीही नक्कल मागितली आहे. महसूल अधिनियमाच्या कलम १६५ प्रमाणे गावातल्या वाटेच्या, पाण्याच्या वहिवाटी त्यात नोंदवायच्या असतात. आपल्यापैकी फार जणांनी ते नावसुद्धा ऐकलेलं नाही. ती नक्कल अजून हातात आली नाही.

२०२५ च्या मे महिन्यात शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचा निर्णय काढला आहे. तुमचा रस्ता आज मोकळा असेल, शेजारी आज चांगला असेल, तेव्हाच ती नोंद करून घ्या. शेजारी बदलतो. भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' वर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून टाकलेत, आधी तिथे पाहा, मग गाडीचं तिकीट काढा. आणि पेटीत मोडी कागद असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. वाचणारे कमी आहेत, पण आहेत. पुराभिलेख विभाग मोडीचे छोटे वर्गही घेतो. मुलीने नाव द्यायचं म्हटलंय, पाहू.

पुढच्या आठवड्यात मोका पाहणी आहे. नायब तहसीलदार येतील, पंचनामा होईल. वहिनी अर्जदार आहेत, मी त्यांच्यामागे फडक्यातला कागद घेऊन उभा राहणार. नवे मालकही येतील. परवा नाल्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "कागद सापडला म्हणे तुमचा?" म्हटलं, सापडला, पण बैलाचा निघाला. ते हसले. मीही हसलो. तार अजून तशीच आहे.

हरभरा दोन-तीन आठवड्यांत सोंगणीला येईल. यंदा हार्वेस्टर नाल्याअलीकडेच थांबेल असं धरून मजूर सांगून ठेवलेत.